गावातल्या घरी फाइल सर्व्हर: वेगवान वायरिंग कशी आखायची

घरात फाइल सर्व्हर ठेवायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आपल्या गावात नेटच धड चालत नाही, तर सर्व्हर घेऊन काय करता?" पण घरातल्या सर्व्हरचा इंटरनेटशी काही संबंध नसतो. ओसरीतल्या संगणकावरून आतल्या खोलीतल्या डिस्कवर फाइल जाते ती तुमच्याच वायरीतून जाते. टॉवरची रेंज गेली, ग्रामपंचायतीपर्यंत आलेली फायबर कुणाच्या जेसीबीनं तोडली, तरी घरातल्या घरात 1 काय, 10 गिगाबिटचं नेटवर्कही चालतं. इंटरनेट कमजोर असलेल्या ठिकाणी तर त्याची गरज जास्त, कारण एका लग्नाच्या शूटिंगचे चारशे जीबी क्लाउडवर चढवणं आपल्याकडे शक्यच नसतं.

हा लेख लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांसाठी, तालुक्याच्या ठिकाणी छोटा स्टुडिओ असणाऱ्यांसाठी, ऑनलाइन कामाचं केंद्र चालवणाऱ्यांसाठी किंवा घरच्या फोटोंचा आणि कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डिंगचा साठा नीट ठेवू पाहणाऱ्यांसाठी आहे. सर्व्हर म्हणजे जुना डेस्कटॉप असो की तयार नॅसचा (नेटवर्कला जोडायच्या डिस्कचा) डबा, वायरिंगचा विचार सारखाच करावा लागतो.

आधी हिशेब

वायरीचा वेग बिटमध्ये सांगतात आणि फाइल बाइटमध्ये मोजतात. म्हणून वेगाच्या आकड्याला 8 नं भागायचं आणि वरून पाच-सहा टक्के सोडून द्यायचे. 100 मेगाबिटच्या लाइनीवर सेकंदाला साधारण 11 एमबी मिळतात, 1 गिगाबिटवर 110 ते 115, अडीच गिगाबिटवर 280 च्या आसपास आणि 10 गिगाबिटवर 1,100.

आता लग्नाचा हिशेब करू. 100 मेगाबिटनं फोर-के रेकॉर्ड करणारा कॅमेरा तासाला 45 जीबी भरतो. दोन कॅमेरे साडेचार तास चालले की झाले 400 जीबी. एवढा माल 100 मेगाबिटवरून हलवायला जवळपास दहा तास लागतात, गिगाबिटवर एक तास, अडीच गिगाबिटवर पंचवीस मिनिटं आणि 10 गिगाबिटवर सहा-सात मिनिटं. मात्र शेवटचा आकडा दोन्ही टोकांच्या डिस्क तेवढं ओढू शकल्या तरच खरा, आणि बहुतेक घरांत त्या ओढत नाहीत.

साधी साडेतीन इंची हार्ड डिस्क मोठी फाइल सेकंदाला 150 ते 250 एमबीनं वाचते-लिहिते; डिस्क भरत आली की आतल्या कड्यांवर हा वेग जवळपास निम्मा होतो. फिरती तबकडी नसलेली साटा एसएसडी साडेपाचशेपर्यंत जाते. त्याहून वेगवान जातीची एनव्हीएमई एसएसडी असेल तर मात्र 10 गिगाबिटची वायरच कमी पडते. आणि कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड? नेहमीचं यूएचएस-1 कार्ड कितीही चांगलं असलं तरी सर्वसाधारण रीडरमध्ये शंभर एमबीच्या पुढं जात नाही. म्हणजे तुमचं रोजचं काम फक्त कार्डातून सर्व्हरवर माल ओतण्याचं असेल, तर खरं गिगाबिट पुरेसं आहे. पैसे तिथंच थांबवा.

सर्व्हरवरची फाइल उघडून तिथल्या तिथं एडिटिंग करणाऱ्याला, किंवा एका डिस्कवरून दुसऱ्या यंत्रावर बॅकअप घेणाऱ्याला अडीच गिगाबिटचा फायदा लगेच दिसतो. हार्ड डिस्कच्या वेगाशी त्याचा मेळ बरोबर बसतो. हे अडीच गिगाबिटचं मानक 2016 साली आलं, तेच मुळी जुन्या केबलवर जास्त वेग मिळावा म्हणून. माझं मत विचाराल तर गावातल्या घरासाठी आज हाच मुक्काम योग्य. 10 गिगाबिट फक्त एसएसडीचा सर्व्हर आणि एडिटिंगचा एकच संगणक, अशा दोघांच्या मध्ये घ्यावं. अख्ख्या घरात नाही.

कुठं अडतंय ते बघा

काहीही विकत घेण्याआधी संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड किती दाखवतो ते बघा. पुष्कळ घरांत तिथं 100 दिसतं आणि मालक वर्षानुवर्षं गिगाबिट समजून चाललेला असतो.

कारणं बहुधा तीनच. एक, इंटरनेटवाल्यानं दिलेल्या राउटरचे काही पोर्ट 100 मेगाबिटचे असतात. दोन, मध्ये कुठं तरी जुना स्विच (नेटवर्कच्या अनेक वायरी एकत्र जोडणारा डबा) दडलेला असतो. तिसरं कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त सापडतं: कॅमेरे बसवायला आलेल्या माणसानं आठ तारांपैकी चारच तारा जोडलेल्या असतात. 100 मेगाबिटला दोन जोड्या पुरतात, म्हणून काम चालतं आणि कुणाला पत्ता लागत नाही. गिगाबिट आणि त्यावरच्या वेगांना चारही जोड्या लागतात. एक तार सुटली तरी लाइन बहुधा मुकाट्यानं 100 वर येते.

आणखी एक. संगणक आणि सर्व्हर एकाच स्विचला जोडले की त्यांच्यातला माल राउटरमधून जात नाही, स्विचमधूनच परस्पर जातो. म्हणून राउटर महागाचा घ्यायची गरज नाही. स्विच चांगला घ्या, संगणक-सर्व्हर त्याला जोडा, आणि स्विचमधून एक वायर राउटरला द्या.

यंत्रातले पोर्ट

अलीकडच्या बऱ्याच मदरबोर्डवर अडीच गिगाबिटचा पोर्ट असतोच. नसेल तर डेस्कटॉपला छोटं कार्ड बसतं आणि लॅपटॉपला यूएसबीचं ॲडाप्टर. ॲडाप्टर यूएसबी 3 च्या खाचेतच लावा. यूएसबी 2 मध्ये लावलं तर सेकंदाला चाळीस एमबीच्या आसपासच अडकेल. रास्पबेरी पाय 3 बी प्लसवर गिगाबिट लिहिलेलं असलं तरी आत तो यूएसबी 2 वरूनच चालतो, त्यामुळे 300 मेगाबिटच्या पुढं जात नाही. पाय 4 पासून पुढं पूर्ण गिगाबिट मिळतं.

सर्व्हर आणि एडिटिंगचा संगणक एकाच टेबलाजवळ असतील तर मधे वेगवान स्विच हवाच असं नाही. दोघांना एक-एक जास्तीचा पोर्ट बसवा, मधे सरळ वायर टाका आणि त्या दोन पोर्टांना वेगळ्या रांगेतले आयपी पत्ते द्या, समजा 10.10.10.1 आणि 10.10.10.2. गेटवेची, म्हणजे राउटरच्या पत्त्याची, जागा रिकामी सोडा. इंटरनेट जुन्या वायरीतून चालू राहतं आणि फाइल नव्या वायरीतून पळते. 10 गिगाबिट असंच करायचं असेल तर एसएफपी प्लस खाचेची (जिच्यात मॉड्यूल सरकवून बसवतात) जुनी कार्डं आणि दोन्ही टोकांना मॉड्यूल लागूनच येणारी दोन-तीन मीटरची डॅक केबल हा सगळ्यात स्वस्त आणि थंड मार्ग. फक्त काही जुनी कार्डं दुसऱ्या कंपनीचं मॉड्यूल नाकारतात. नागपूर-अमरावतीच्या बाजारात वापरलेलं कार्ड घेताना दुकानातच केबल लावून लाइन येते का ते बघून घ्या.

केबल घेताना

नेटवर्क केबलची प्रत 'कॅट'च्या आकड्यानं सांगतात. भिंतीत आधीच चांगली कॅट-5ई असेल तर ती उखडू नका. 1 आणि अडीच गिगाबिट दोन्ही तिच्यावर 100 मीटरपर्यंत चालतात. नवी ओढायची असेल तर कॅट-6 घ्या. तिच्यावर 10 गिगाबिट साधारण 55 मीटरपर्यंत जातं आणि मोठ्यात मोठ्या वाड्यातही एवढं अंतर क्वचितच भरतं. कॅट-6ए जाड आणि ताठर असते, नवख्याच्या हाताला तिचं टोक लवकर जमत नाही. दुकानदार कॅट-7 किंवा कॅट-8 पुढं करेल. घरासाठी त्यातलं काहीच लागत नाही.

खरी फसवणूक आकड्यात नसते, धातूत असते. स्वस्त रोलमध्ये ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा असतो. त्याला सीसीए म्हणतात. लांब अंतरावर ती वेग धरत नाही, टोकाशी तुटते आणि तिच्यातून कॅमेऱ्याला वीज दिली तर तापते. दुकानातच एक तार ब्लेडनं खरवडा: आत पांढरं दिसलं तर परत द्या. तार दोन-चारदा मागंपुढं वाकवली की ॲल्युमिनियम लवकर तुटतं. शिवाय 305 मीटरचा अस्सल तांब्याचा रोल हातात घेतला की त्याचं वजनच सांगतं. पूर्ण रोल नको असेल तर मीटरवर तोडून मिळते, पण वेष्टनावर छापलेलं वाचूनच घ्या.

शिल्डवाली केबल जास्त चांगली असं वाटतं, पण तिचं कवच अर्थिंगला नीट जोडलं तरच त्याचा उपयोग. आपल्याकडच्या किती घरांत अर्थिंग खरंच जिवंत असतं? कोळसा-मिठाचा खड्डा एकदा केला, पुन्हा कुणी त्यात पाणी टाकलं नाही, आणि मे महिन्यात तो कोरडाठाक. तेव्हा साधी, बिनशिल्डची यूटीपी बरी.

वायर कुठून न्यायची हे घर बघून ठरतं. मातीच्या दीड-दोन हात जाड भिंती आणि वर कवेलू असं घर असेल तर भिंत फोडत बसू नका. दाराच्या चौकटीच्या वरून, लाकडाच्या कडेनं पीव्हीसी पाइपातून न्या. टिनाच्या पत्र्याला चिकटवून कधी नेऊ नका, उन्हाळ्यात पत्रा तापून वायरचं आवरण कडक होतं आणि तडकतं. विजेच्या वायरीला समांतर जायचं असेल तर फूटभर अंतर ठेवा. ओलांडायची असेल तर काटकोनात ओलांडा. सोयाबीन-तुरीची पोती ठेवता त्या खोलीतून वायर जाणार असेल तर पाइपाशिवाय नेऊच नका. उंदीर आणि खारी वायर कुरतडतात. पाइपाची तोंडं भांडी घासायच्या तारेच्या गुंत्यानं बंद करा, तिथं त्यांचे दात चालत नाहीत.

एक ओढायची तिथं दोन ओढा. वायरीचा खर्च कमी असतो, मजुरी आणि पुन्हा शिडी लावायचा वैताग जास्त. पाइपात एक नायलॉनची दोरीही सोडून ठेवा.

टोकाला रंगांचा क्रम दोन्हीकडे सारखा हवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जोड्यांचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उकलू नका. भिंतीतल्या वायरीला थेट प्लग चेपण्यापेक्षा भिंतीवर सॉकेट बसवा आणि तिथून यंत्रापर्यंत तयार पॅच कॉर्ड वापरा. दिवे लागणारा स्वस्त टेस्टर फक्त तार जुळली की नाही एवढंच सांगतो. रंगांच्या जोड्या चुकीच्या विभागल्या असतील तरी तो आठही दिवे हिरवे दाखवतो आणि वेग मात्र येत नाही. म्हणून क्रम डोळ्यांनी तपासा.

घरातून कोठ्यापर्यंत, किंवा अंगणापलीकडे

कोठ्यावर, म्हणजे गोठ्यावर, कॅमेरे असतात, भावाचं घर अंगणापलीकडे असतं, किंवा स्टुडिओ रस्त्याच्या कडेच्या गाळ्यात असतो. दोन इमारतींच्या मध्ये उघडं आभाळ आलं की तांब्याची वायर घालायची नाही. मृगाच्या आधीपासून परतीच्या पावसापर्यंत आपल्याकडे विजा किती पडतात हे वावरात काम करणाऱ्याला सांगायला नको. वीज थेट घरावर पडायची गरज नसते. शेजारच्या झाडावर पडली तरी लांब तांब्याच्या तारेत झटका तयार होतो आणि दोन्ही टोकांची यंत्रं जातात. दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असलं तर एरवीही त्या तारेतून नको तो प्रवाह वाहतो.

इथं फायबर टाका. काचेतून वीज वाहत नाही. केबल टीव्ही-इंटरनेटवाला गावात जी पातळ काळी फायबर ओढतो, ती सिंगल मोडच असते आणि आपल्याला तीच चालते. त्याच्याकडे काच जोडायचं स्प्लायसिंग यंत्रही असतं, थोड्या पैशांत दोन्ही टोकं करून देतो. फक्त चार गोष्टी त्याला आधी सांगा.

पहिली, लटकवायच्या फायबरमध्ये आधारासाठी पोलादी तार असते. ती तार बाहेरच खांबाला किंवा भिंतीच्या हुकाला बांधून तिथंच कापायची. यंत्राच्या डब्यापर्यंत आणली तर फायबर टाकून काय मिळवलं? आतल्या बळकटीसाठी पोलादाऐवजी एफआरपीची (काचतंतू आणि प्लास्टिकची) काडी असलेली मिळाली तर तीच घ्या.

दुसरी गोष्ट टोकांची. इंटरनेटवाले हिरवं, तिरकस कापलेलं एससी टोक लावतात. स्विचमधल्या एसएफपी मॉड्यूलला (फायबरचा प्रकाश पाठवणाऱ्या-घेणाऱ्या तुकड्याला) बहुधा निळं, सरळ कापलेलं एलसी टोक लागतं. हिरवं आणि निळं एकमेकांना जोडायचं नाही, प्रकाश वाया जातो आणि टोकं खराब होतात.

तिसरी, मॉड्यूल. दोन धाग्यांवर चालणारी साधी जोडी घ्या किंवा एकाच धाग्यावर चालणारी बायडी जोडी. बायडीची दोन मॉड्यूलं एकसारखी नसतात: एकाचा पाठवायचा रंग तो दुसऱ्याचा घ्यायचा. एका नमुन्याची दोन आणली तर लाइन येणार नाही. 10 किलोमीटरचं मॉड्यूल पन्नास मीटरवर बिनघोर चालतं, पण स्वस्तात मिळालं म्हणून 40 किंवा 80 किलोमीटरचं आणू नका. एवढ्या जवळून त्याचा प्रकाश पलीकडच्या मॉड्यूलला जास्त होतो.

चौथी, तुटलेल्या काचेचे तुकडे. अंगणात लेकरं अनवाणी फिरतात, ढोरं बसतात. स्प्लायसिंग करताना निघालेले सगळे तुकडे झाकणाच्या बाटलीत गोळा करून घ्या. आणि चालू फायबरच्या टोकात डोळा लावून बघू नका, तो प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला इजा करू शकतो.

जमिनीतून न्यायची की वरून? काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. त्या ओढाताणीत कडक पीव्हीसी पाइपाचे सांधे निखळतात. जमिनीतून न्यायची तर सांधे नसलेला काळा एचडीपीई पाइप वेटोळ्यात मिळतो तो घ्या, दोन फूट खोल टाका आणि खाली-वर मुरूम द्या. वरून न्यायची तर कुटारानं भरलेली ट्रॉली खालून जाईल एवढी उंची ठेवा. आणि महावितरणच्या खांबाचा आधार घेऊ नका, कितीही सोयीचा वाटला तरी.

उन्हाळा, कूलर आणि लाईन

घरगुती स्विचच्या कागदावर बहुधा 40 अंशांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं. चंद्रपूर, अकोला, नागपूर, वर्धा या पट्ट्यात मे महिन्यात बाहेरच 45 असतं; पत्र्याखालच्या बंद लाकडी कपाटात काय होत असेल? स्विच भिंतीवर उघडा, छाती एवढ्या उंचीवर, घरातल्या सगळ्यात थंड खोलीत लावा. मातीच्या भिंतीची आतली खोली यासाठी सिमेंटच्या खोलीपेक्षा चांगली. तांब्याच्या 10 गिगाबिटचं मॉड्यूल एवढं तापतं की बोट टेकवत नाही. शेजारी-शेजारी अशी दोन लावू नका. अडीच गिगाबिटचा स्विच त्या मानानं निवांत असतो, हेही तो निवडायचं एक कारण.

खोलीत कूलर असेल तर त्याचा झोत सर्व्हरवर येऊ देऊ नका. ओली हवा आणि जड पाण्याचे क्षार आत जाऊन बसतात. कापूस घरात भरला असेल तर त्या दिवसांत पंख्याच्या जाळीवर रुईचे तंतू साचतात, ते ब्रशनं काढत जा.

लाईन जाण्याचा बंदोबस्त वायरिंगच्या बरोबरीनं करा. इन्व्हर्टरच्या मागं यूपीएस मोडचं बटण असतं, ते त्याच मोडवर ठेवा, नाही तर लाईन गेल्यावर बदलायला लागणाऱ्या वेळात सर्व्हर बंद पडतो. त्यापेक्षा सर्व्हरला वेगळा छोटा यूपीएस द्या आणि त्याची यूएसबी वायर सर्व्हरला जोडा, म्हणजे बॅटरी संपत आली की सर्व्हर स्वतःहून नीट बंद होतो. स्विचही त्याच यूपीएसवर हवा. फाइल अर्धी गेली असताना स्विच बंद पडला तर सर्व्हर चालू असून उपयोग काय?

जोडल्यावर

राउटरमध्ये जाऊन सर्व्हरचा पत्ता कायमचा राखून ठेवा. जम्बो फ्रेमच्या, म्हणजे माल मोठ्या तुकड्यांत पाठवायच्या सेटिंगच्या, नादी लागू नका. एक जरी यंत्र वेगळ्या आकड्यावर राहिलं तरी फाइल अडकतात आणि कारण सापडत नाही. तुकड्याचा आकार नेहमीच्या 1500 बाइटवरच राहू द्या. दोन गिगाबिट पोर्ट स्विचवर एकत्र बांधले की दुप्पट वेग मिळेल असं कुणी सांगेल. एका संगणकाच्या एका कामाला तसं होत नाही, अनेक जण एकदम वापरत असतील तेव्हाच फायदा. विंडोजच्या फाइल शेअरिंगमधलं मल्टिचॅनल मात्र एका संगणकालाही दोन पोर्टांचा वेग देऊ शकतं.

मोजायला आयपर्फ नावाचं फुकट सॉफ्टवेअर दोन्ही यंत्रांवर टाका. एकावर ते ऐकत बसतं, दुसऱ्यावरून पाठवायचं. त्यात डिस्क येत नाही, फक्त वायर मोजली जाते. गिगाबिटवर 940 मेगाबिटच्या आसपास आणि अडीचवर 2,300 च्या वर आकडा यायला हवा. आला तर वायरिंग झालं. बरोबर 95 च्या आसपास आला तर कुठली तरी तार सुटली आहे, दोन्ही टोकांचे प्लग आधी बघा. मधेच कुठला तरी विचित्र आकडा आला तर पॅच कॉर्ड बदलून बघा, मग पोर्ट, आणि सगळ्यात शेवटी भिंतीतली वायर.

आयपर्फ बरोबर पण फाइल हळू जात असेल तर दोष डिस्कमध्ये शोधा. एसएमआर पद्धतीची (डेटाच्या रेघा एकमेकींवर चढवून लिहिणारी) हार्ड डिस्क पहिले काही जीबी पटापट घेते आणि मग अचानक बसते. सर्व्हरसाठी सीएमआर (रेघा वेगवेगळ्या ठेवणारी) लिहिलेली घ्यावी. हजारो छोटे फोटो एकदम टाकले तर प्रत्येक फाइल उघडण्या-मिटण्यातच वेळ जातो, तिथं 10 गिगाबिट लावूनही फारसा फरक पडत नाही. असे फोटो आधी एकाच झिप फाइलमध्ये बांधा, कॉम्प्रेशन बंद ठेवून, आणि मग सर्व्हरवर पाठवा.